तुंबलेल्या पाण्याचे बिल कोणाच्या नावावर?

हिंदमाता आणि गांधी मार्केट. मुंबईत पाऊस जोरात सुरू झाला की तासाभरात टीव्हीवर दिसणारी ही दोन्ही ठिकाणे एकाच रस्त्यावर आहेत, आणि त्या रस्त्याला बाबासाहेबांचे नाव आहे. २६ मे २०२५ रोजी मान्सून वेळेआधीच येऊन धडकला. वरळीच्या आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. पुढची चर्चा ठरलेलीच होती : ठेकेदारांनी गाळ काढला नाही आणि झोपडपट्टीवाले नाल्यात कचरा टाकतात. ठेकेदारांचे तपासयंत्रणा पाहील. मिठी नदीच्या गाळात सुमारे ६५ कोटींचा घोटाळा झाल्याचा गुन्हा त्याच महिन्यात आर्थिक गुन्हे शाखेने नोंदवला. दुसरा आरोप मात्र थेट आपल्या वस्त्यांवर आहे, म्हणून तो आम्ही तपासून पाहतो.

मुंबईची पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था मुळात ब्रिटिशकालीन. ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशी तिची रचना, आणि तीही समुद्राला ओहोटी असेल तर. शहराच्या १८६ पातमुखांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीच्या वर फक्त सहा. म्हणजे भरती आणि पाऊस एकत्र आले की पाणी जायला वाटच नसते. उलट समुद्र आत येऊ नये म्हणून दारे बंद करावी लागतात. नाला आरशासारखा स्वच्छ केला तरी त्या वेळी पंपाशिवाय पाणी उतरत नाही. कचऱ्याने त्रास वाढतो हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या गल्लीत कचऱ्याची गाडी शिरत नाही तिथल्या माणसाला पुराचा आरोपी करणे ही सोयीची गोष्ट आहे.

उपाय ठाऊक नव्हता असेही नाही. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल आला. क्षमता दुप्पट, म्हणजे ताशी ५० मिलिमीटर करायची. खर्च ६१६ कोटी. अहवाल कपाटात राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शेकडो माणसे गेली, तेव्हा कपाट उघडले. केंद्राने १२०० कोटी मंजूर केले. पुढे खर्च चार हजार कोटींच्या पलीकडे गेला. आठ उदंचन केंद्रांपैकी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा झाली. माहुल आणि मोगरा वर्षानुवर्षे जागेच्या वादात अडकली. माहुलचे केंद्र नसण्याची किंमत गांधी मार्केट, कुर्ल्याचे नेहरूनगर आणि चेंबूर दर पावसाळ्यात मोजत आले. आणि आता एका तासात ५० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणे नवलाचे राहिलेले नाही, त्यामुळे गाठायचे उद्दिष्टच जुने झाले आहे.

पैसा नाही म्हणावे तर मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा आहे. प्रश्न तो कुठून येतो हा आहे. २०१७ मध्ये जकात गेली. तेव्हापासून जीएसटीची भरपाई, मालमत्ता कर आणि बांधकामांकडून मिळणारे विकास शुल्क व अधिमूल्य यांवर भिस्त वाढली. म्हणजे जितके टॉवर उभे राहतात तितका पैसा येतो आणि तितकीच माती झाकली जाते. झाकलेल्या जमिनीवरचे पाणी मुरत नाही, ते सखल भागाकडे धावते. सखल भागात कोण राहते हे या वाचकांना आम्ही सांगायला नको.

मालमत्ता कराचे बिल उघडून पाहा. पाणी, मलनिःसारण, शिक्षण, रस्ते, वृक्ष असे रकाने दिसतील. पावसाच्या पाण्याचा रकाना नाही. जर्मनीतल्या बहुतेक शहरांत तो आहे. छप्पर, पार्किंग, फरसबंदी मिळून किती जमीन झाकली, त्यावर तिथे शुल्क लागते, आणि पाणी आपल्याच आवारात जिरवले तर सवलत मिळते. असा हिशेब मुंबईत केला तर मॉल आणि पोडियमवाल्या संकुलांना खरे बिल येईल आणि दहा बाय दहाच्या खोलीला जवळपास काहीच नाही. आपल्या महापालिकेने मात्र त्याच अर्थसंकल्पात झोपडपट्टीतल्या दुकानांवर, गाळ्यांवर मालमत्ता कर लावून ३५० कोटी मिळतील असा अंदाज मांडला. चक्की, किराणा, शिलाईची दुकाने दिसली. काँक्रीट दिसले नाही.

एक बिल कुठल्याच अर्थसंकल्पात येत नाही, कारण ते शरीराने चुकवले जाते. अनेक वस्त्यांत मलवाहिनी नाही, शौचालयांचे पाणी थेट पावसाळी नाल्यात जाते, आणि त्या नाल्यात उतरणारा कंत्राटी कामगार बहुतेक वेळा आपल्याच जातसमूहांतला असतो. कागदावर हे ‘गाळ काढणे’. पण २०१३ च्या कायद्यातील हाताने मैला उचलण्याच्या व्याख्येत अस्वच्छ शौचालयांचा मैला जिथे सोडला जातो तो उघडा नालाही आहे. गटारसफाईतील मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. नालेसफाईच्या निविदांत यंत्रांचे तास आणि डंपरच्या फेऱ्या मोजतात. माणसांची सुरक्षा कोण मोजते?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. दामोदर खोऱ्याची बहुउद्देशीय योजना त्यांच्या खात्याच्या कामातून पुढे आली. पूर ही नुसती आपत्ती न मानता साठवून वापरायचे पाणी मानावे, अशी त्यांची दृष्टी होती. हिंदमातेचे पाणी साठवण्यासाठी परळ आणि दादरच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या, त्यामागचे तत्त्व तेच. त्याच टाक्या वस्त्यांशेजारच्या मैदानांखाली का नकोत? कुर्ल्याच्या क्रांतीनगरात मिठी चढली की दरवर्षी लोकांना शाळांत हलवतात, आणि नदी रुंद करायची म्हटले की पहिला नकाशा घरे पाडण्याचाच निघतो.

मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते, तेव्हा हे प्रश्न विचारायला सभागृहही नव्हते. अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो. त्याआधी प्रत्येक वॉर्डातल्या आपल्या मंडळांनी तीन कागद माहितीच्या अधिकारात मागवावेत : आपल्या नाल्याची क्षमता, त्याच्या सफाईचे कंत्राट आणि त्या कंत्राटातील कामगारांची यादी. अर्ज पावसाळ्यात नव्हे, नोव्हेंबरात करायचा.