यात काय विशेष?

शुक्रवारी रात्रीच्या बसने धरणगावला निघालो, तेव्हा डोक्यात फक्त एक ब्रॅकेट होता. वीकेंडला ब्रॅकेट? काय करणार! बाइकचा फूटरेस्ट पेलणारा आमचा हा पार्ट. पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियम, आत पोकळ फासळ्या, वजन जवळजवळ निम्मं. पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झालाय आणि आता परीक्षकाचा आक्षेप आलाय: हे तर उघडच आहे! पुरावा म्हणून दोन जुने कागद. एकात अ‍ॅल्युमिनियमचा ब्रॅकेट, दुसऱ्यात विमानाच्या सीटमधल्या पोकळ फासळ्या. लढायचं की सोडायचं, हे बॉसने माझ्यावर ढकललंय.

मामांचं गावात गॅरेज आहे. भरीत आणि कळण्याची भाकरी झाल्यावर त्यांना ड्रॉइंग दाखवलं.

"यात काय विशेष रे भो? जड होतं, हलकं केलं."

झालं! १९७०चा पेटंट कायदा नेमकं हेच विचारतो. अर्जाच्या तारखेआधी त्या कामातल्या जाणकाराला हे उघड होतं का? म्हणजे शास्त्रज्ञाला नाही, नवशिक्यालाही नाही.

याच प्रश्नावर बजाज आणि टीव्हीएसची जुंपली होती. लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग, हे बजाजचं पेटंट. टीव्हीएस म्हणे, दोन प्लग जुनेच आहेत. २००८ मध्ये मद्रास हायकोर्टाने टीव्हीएसला मनाई केली, २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. अखेर २०१९ मध्ये दोघांनी आपसांत मिटवलं. अमेरिकेत २००७ मध्ये गाडीच्या पेडलचं पेटंट मात्र उडालं. जुनं पेडल अधिक जुना सेन्सर, एवढी बेरीज कोणीही केली असती, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाचं म्हणणं.

रात्री लक्षात आलं, चूक माझीच. मी मामांना आधी उत्तर दाखवलं! उत्तर दिसल्यावर कोडं सोपंच वाटतं.

रविवारी मामांच्या जुन्या मिस्त्रींना गाठलं. ड्रॉइंग बॅगेतच. "काका, ताकद तीच ठेवून हा निम्म्या वजनाचा कसा कराल?"

"अ‍ॅल्युमिनियमचा करू," ते लगेच म्हणाले. मग भोकं पाडून पाहिली, कागदावरच. "नाही, इथून तडकंल." पत्रा पातळ केला, तोही नापसंत. दोन चहा झाले. पोकळ फासळ्यांचं नाव नाही. आता एका मिस्त्रींवर खटला जिंकता येत नाही, हे मलाही कळतं. पण विमानाच्या सीटमध्ये डोकवावं असं बाइकवाल्याला का सुचेल, हा मुद्दा मला तिथे सापडला.

परतीच्या बसमध्ये नुसत्या अ‍ॅल्युमिनियमचा दावा खोडला. बॉसला मेल टाकला: अर्धं सोडू, फासळ्यांवर लढू.