पात्याला नियम, फासाला मोकळं रान

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात धनुष्यबाणाने हरीण मारायचं, तर बाणाच्या पात्याची रुंदी सात अष्टमांश इंच, म्हणजे साधारण २२ मिलिमीटर तरी असावी लागते. धनुष्याचा ताण ३५ पौंडांपेक्षा कमी चालत नाही. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला आधी शिकारीच्या शिक्षणाचा वर्ग पुरा करावा लागतो. तिकडे नोकरीला गेलेला दौंड-शिरूरकडचा एखादा तरुण सहकाऱ्यांच्या नादाने या वाटेला गेला, तर पहिल्या हंगामाआधी दुकानातली भिंतभर पाती पाहून तो चक्रावणार हे नक्की. यातलं कोणतं घ्यायचं?

राहूबेटात उसाच्या बांधावर बसलेल्या माणसाला हा प्रश्न रिकामटेकडा वाटेल. पाती परदेशातली, हरणं परदेशातली, हौसही तिकडचीच. पण त्या प्रश्नामागे जी काळजी आहे, ती आपल्या शिवारात कुठेच दिसत नाही. म्हणून तो जरा नीट समजून घ्यायला हवा.

गोळी आणि बाण यांची मारण्याची रीतच वेगळी. गोळी धक्क्याने आणि आतल्या मोडतोडीने मारते. बाणात तेवढी ताकद नसते. तो कापतो, आणि जनावर रक्तस्रावाने मरतं. वस्तऱ्यासारखं धारदार पातं बरगड्यांतून दोन्ही फुफ्फुसांच्या पार गेलं, तर हरीण थोडं अंतर धावून काही सेकंदांत कोसळतं. तोच बाण वीतभर मागे, पोटात घुसला, तर ते तासन् तास तडफडतं. म्हणून जाणते शिकारी पोटात बाण लागलेल्या जनावरामागे लगेच धावत नाहीत. धावलं तर ते आणखी लांब पळतं आणि झुडपात कुठेतरी एकटं मरतं. कित्येक तास थांबून मग माग काढायचा, अशी तिथली शिकवण आहे. ही शिकवण मुळात ज्यांचा नेम चुकला त्यांच्यासाठी, हेही ध्यानात घ्यायला हवं.

पाती ढोबळमानाने दोन जातींची. एकाची धार कायम बाहेर असते, दोन, तीन किंवा चार पाकळ्यांची. दुसऱ्याच्या पाकळ्या उडताना मिटलेल्या राहतात आणि जनावराला लागताच उघडतात. हे दुसरं सरावाच्या टोकासारखं सरळ उडतं आणि जखमही रुंद करतं, म्हणून नवख्याला भुरळ घालतं. पण पाकळ्या उघडायला लागणारा जोर बाणाच्याच शिदोरीतून जातो. धनुष्य हलकं असेल, बाण खांद्याच्या हाडावर गेला, तिरका लागला, तर आत शिरण्यापुरता जोर उरेल याची खात्री नाही. पहिल्या हंगामात हात थरथरणार, अंतर चुकणार, हे गृहीत धरूनच निवड करायला हवी. म्हणून नवख्याने साधं, कायम उघडं, जाड पोलादाचं पातं घ्यावं. वजन सरावाच्या टोकाइतकंच, बहुधा १०० किंवा १२५ ग्रेन, म्हणजे साडेसहा ते आठ ग्रॅम. हंगामाआधी तीच पाती लावून नेम तपासावा, कारण पातं बदललं की बाणाचं वळण बदलतं. धार बोटाने बघू नये. ताणलेल्या रबरावरून पातं नुसतं फिरवलं तरी रबर तुटलं पाहिजे. एवढं करूनही जनावर वीस-पंचवीस पावलांच्या आत, आडवं उभं नसेल, तर बाण सोडूच नये. तिथल्या चांगल्या शिकाऱ्यांचा मोठेपणा न सोडलेल्या बाणांवरच मोजला जातो.

तरी हा वाद सगळीकडे मिटलेला नाही. जर्मनीच्या शिकार कायद्याने हरीण-रानडुकरासारख्या खुरांच्या जनावरांवर बाण चालवायला मनाई केली आहे. ब्रिटनमध्येही हरणावर बाण चालवता येत नाही. जनावराचे हाल होतात, हा त्या मनाईमागचा आक्षेप. अमेरिकेने उलट वाट धरली: परवानगी द्यायची, पण अटी घालायच्या आणि पैसेही वसूल करायचे. १९३७ सालच्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. पुढे १९७२ मध्ये धनुष्यबाणाचं सामानही त्या कराखाली आणण्यात आलं.

त्याच १९७२ साली भारताने वन्यजीव संरक्षण कायदा केला. त्याच्या व्याख्यांत ‘हत्यार’ म्हणून बंदूक, सुरी, जाळं, विष, फास यांच्या रांगेत धनुष्यबाणाचंही नाव आहे. ‘शिकार’ म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, हाका घालणं, आमिष ठेवणं आणि यांतलं काहीही करू पाहणं, हे सगळं त्या एका शब्दात येतं. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजारांचा दंड. तेव्हा राहूच्या माळावर हरणासाठी कोणतं पातं घ्यावं, याचं उत्तर एका शब्दाचं आहे: कोणतंही नाही.

आणि ते उत्तर बरोबरच आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही लाखांवर आलेली पांढऱ्या शेपटीची हरणं आज तीन कोटींच्या घरात आहेत. तिथे हंगाम चालवता येतो. आपल्याकडे सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे ५.१४ चौरस किलोमीटरचं. काळविटांसाठी राखलेलं कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी तर २.१७ चौरस किलोमीटर, एखाद्या बऱ्या गावाच्या शिवाराहून लहान. बारामती, दौंड, इंदापूरच्या माळांवर चिंकारा टिकला आहे तो गायरानं आणि वनविभागाच्या गवताच्या तुकड्यांच्या आधाराने. त्या तुकड्यांवरही प्लॉटिंगवाल्यांचा डोळा आहेच. ‘अमेरिकेत चालतं, मग इथे का नको’ म्हणणाऱ्यांनी आधी हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

एरवी या भागाला शिकार नवी नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८पासून पुढे वर्षानुवर्षं तिथलं पांढरीचं टेकाड उकरलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं हे शेतकऱ्यांचं गाव: गोल आणि चौकोनी घरं, धान्याच्या कणग्या, घरातल्या जमिनीखाली पुरलेली माणसं. गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक, ब्लेडसारखी पाती तिथे ढिगाने मिळाली. अशी पाती लाकडात किंवा हाडात बसवून वापरत. गाई-बैलांच्या, शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांबरोबर हरणांचीही हाडं निघाली. शेवटच्या काळात, इसवी सनापूर्वी १००० नंतर, पाऊसमान बिघडलं, शेती आखडली, गावाला अवकळा आली आणि लोकांचा भार मेंढरांवर आणि शिकारीवर वाढला, असा निष्कर्ष ढवळीकरांनी मांडला. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी शिरूरच्या माणसाला हरीण लागलं ते पोटासाठी, पीक बुडाल्यावर.

राजेरजवाड्यांची गोष्ट वेगळी. कोल्हापूर दरबारात पाळलेले चित्ते काळविटांवर सोडत. त्या शिकारीचं चित्रीकरणही झालेलं आहे. चित्ते धरणारे, शिकवणारे पारधी होते. फासेपारध्यांच्या तर नावातच फास आहे. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ साली कागदावरून पुसला गेला. त्यानंतर वीस वर्षांनी वन्यजीव कायद्याने पारध्यांचा पिढीजात धंदाही गेला. बंदी गरजेचीच होती, पण बदल्यात त्यांना जमीन किंवा दुसरं काम धड कुणी दिलं नाही. माळाची आणि जनावराच्या मागाची इतकी जाण असलेली माणसं वनविभागाला हाताशी मोजकीच धरता आली, हा करंटेपणा म्हटला पाहिजे.

आता मूळ मुद्दा. बंदी असली तरी जनावरं मरतातच. ती कशी मरतात, ते मात्र कुणी विचारत नाही. मोटारसायकलची जुनी क्लच वायर घ्यायची, तिचा सरकता फास करायचा, कुंपणाच्या खिंडारात किंवा उसाच्या सरीच्या तोंडाशी खुंटीला बांधायचा. खर्च जवळजवळ शून्य. डुकरासाठी लावलेल्या या फासाला डुक्कर, कुत्रं, चिंकारा, बिबट्या यांतला फरक कळत नाही. मान अडकली तर जनावर गुदमरून मरतं. कंबर अडकली तर ओढाओढीत तार कातडी कापून आत रुतते आणि दोन-दोन दिवस जीव जात नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे शेताभोवती उघडी तार ओढून रात्री तिच्यात थेट वीज सोडणं. तिने पहाटे दारं धरायला निघालेली माणसंही मारली आहेत. काही ठिकाणी पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवतात. डुक्कर चावतं, जबडा उडतो आणि ते तसंच पळत राहतं. पेनसिल्व्हेनियातला नवखा २२ मिलिमीटरचा नियम पाळतो, आणि इथे ज्या शिवारात मारायलाच बंदी आहे तिथे जनावराच्या वाट्याला येणाऱ्या मरणाला कसलाच नियम नाही.

शेतकऱ्याला दोष देऊन हे संपत नाही. रानडुकरांचा कळप रात्रीत मक्याचं किंवा भुईमुगाचं रान उलथून टाकतो. विदर्भ-मराठवाड्यात रोही उभं पीक खातात. पंचनामा आणि भरपाईच्या फेऱ्यांत माणूस टेकीला येतो. म्हणूनच राज्य सरकारने २०१५ साली शासन निर्णय काढून पिकाचं नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना परवानगीने मारण्याची सोय केली. दुसऱ्या वर्षी अशाच परवानग्यांवरून केंद्रात मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन मंत्र्यांत जाहीर खटका उडाला. सगळी चर्चा मारावं की मारू नये यावरच झाली. कुणी मारायचं, कशाने, किती अंतरावरून, जखमी जनावराचा माग कोण काढणार, हे बाजूलाच राहिलं. बंदुकीचा परवाना असणं वेगळं आणि संधिप्रकाशात पळत्या डुकराच्या खांद्यामागे नेमकी गोळी घालता येणं वेगळं. केरळने २०२२मध्ये रानडुकरं मारायला परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवला, तेव्हा विष, स्फोटकं आणि विजेचा वापर चालणार नाही हे त्यातच लिहून टाकलं. निदान कशाने मारायचं नाही, एवढं तरी तिथे ठरलं.

मनावर घेतलं तर हे आपल्याकडेही जमतं. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याने तीन बळी घेतले. लोक महामार्गावर उतरले. तेव्हा वरिष्ठांची परवानगी घेऊन वनविभागाने नेमबाज आणले आणि त्या बिबट्याला ठार केलं. निर्णय आधीच व्हायला हवा होता की नाही, यावर वाद होईल. पण परवानगी लेखी होती, मारणारे हात शिकलेले होते आणि जबाबदारी कुणाची हे स्पष्ट होतं. रानडुकरासाठी याहून कमी का चालावं?

तेव्हा मागणी साधी आहे. डुक्कर किंवा रोही मारायची परवानगी देताना वनविभागाने नेमाची चाचणी उत्तीर्ण झालेल्यांचीच यादी तालुकानिहाय तयार करावी, हत्यार आणि अंतर परवान्यावर लिहावं, जखमी जनावराचा माग काढणं बंधनकारक करावं, आणि त्या यादीत मागावरच्या जाणकार पारध्यांना मानधन देऊन घ्यावं. ग्रामसभांनी विजेच्या उघड्या तारांविरुद्ध ठराव करून ते महावितरणकडे पाठवावेत. दौंड-शिरूरच्या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की सरी मोकळ्या होतात, बांध दिसू लागतात आणि लपलेले फासही उघडे पडतात. असा फास दिसला तर तो जागेवरून न हलवता वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवावं.