फाइलींच्या अंगठ्याविषयी

घणसोली गावातील ज्या कुटुंबांच्या जमिनी नवी मुंबईसाठी सिडकोने संपादन केल्या, त्यांना कागदावरील अंगठ्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. मनुष्याचे नाव कोणीही लिहील. अंगठा मात्र ज्याचा त्यालाच उमटविता येतो. असे असता संगणकाच्या बाबतीत आपण सारे अद्याप केवळ नावावर विसंबतो, हे नवल होय. मुलगा कोठूनसा एखादा प्रोग्राम उतरवून घेतो, त्याचे नाव व चित्र ओळखीचे दिसते, आणि घरचे हिशेब व बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर चालतात त्यातच तो निःशंकपणे बसवितो.

वस्तुतः फाइलींनाही अंगठा असतो. त्यास हॅश म्हणतात. फाइलीतील सर्व मजकूर एका ठराविक गणिती रीतीतून नेला असता जो आकडा निघतो, तो तिचा ठसा. एसएचए-२५६ या रीतीने निघणारा ठसा नेहमी ६४ चिन्हांचा असतो; मग फाइल चार ओळींची असो की तीन तासांच्या चित्रपटाची. आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा पार पालटतो. उलट फाइलीचे नुसते नाव बदलले, तर ठसा आहे तसाच राहतो. वेष पालटणाऱ्याला ओळखण्यास याहून सोपे साधन कोणते? २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून कोणी परक्यांनी मूळ प्रतीऐवजी आपली बिघडविलेली प्रत लोकांच्या हाती दिली. ज्यांनी ठसे ताडून पाहिले, त्यांना ही लबाडी कळण्याजोगी होती. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ आणि लिनक्समध्ये ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा हे काम क्षणात करते. दहा मिनिटांत शिकविता येणारी ही गोष्ट संगणकाच्या तासाला शिकविली जावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ताडून पाहावयाचा ठसा शक्य तर निराळ्या वाटेने मिळवावा. ज्याने फाइल बदलली तो शेजारी छापलेला ठसाही बदलील!

अमेरिकेतील ‘निस्ट’ या मानक संस्थेने तर ज्ञात सॉफ्टवेअरच्या फाइलींच्या ठशांचा मोठा संग्रहच केला आहे. जप्त केलेल्या संगणकात लाखो फाइली असतात. त्यांपैकी बहुतेक सर्वांच्या यंत्रांत आढळणाऱ्या. भात पाखडून फोलपट उडवावे, तद्वत् तपासनीस या ओळखीच्या फाइली आधी बाजूस सारतो व उरलेल्यांत लक्ष घालतो. पण या संग्रहात ‘ज्ञात’ याचा अर्थ ‘निर्दोष’ असा मुळीच नाही. दुसऱ्याच्या यंत्रात शिरण्याची हत्यारेही त्यात नोंदलेली आहेत. तसेच जी फाइल संग्रहात नाही ती अपराधी ठरत नाही. आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला प्रोग्राम तेथे कोठून असणार?

ओळख आणि सचोटी यांतील हा भेद घणसोलीपासून फार दूर नसलेल्या न्हावा-शेवा बंदरास महागात पडला. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या संगणकी रोगाने तेथील मर्स्क समूहाच्या धक्क्याचे काम बंद पाडले आणि कंटेनरांची वाहतूक खोळंबली. हा रोग मुळात पसरला तो युक्रेनमधील एम. ई. डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतून, आणि ती आवृत्ती आली निर्मात्याच्याच यंत्रांवरून. तेथे निर्मात्याने स्वतः ठसा छापला असता, तरी तो त्या विषारी फाइलीचाच निघाला असता.

आपल्या देशात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकी पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो. जप्तीच्या वेळी घेतलेला ठसा न्यायालयातही तोच निघाला, तर मधल्या काळात फाइलीस कोणी हात लावला नाही एवढे कळते. ती कोणी लिहिली, हे कळत नाही. या प्रमाणपत्राच्या नमुन्यात एसएचए-२५६ च्या जोडीने एमडी५ व एसएचए-१ या जुन्या रीतीही दिलेल्या आहेत. एमडी५ मध्ये दोन भिन्न मजकुरांचा एकच ठसा २००४ मध्ये चिनी संशोधकांनी काढून दाखविला. एसएचए-१ ची तीच गत २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या व गूगलच्या संशोधकांनी केली. ज्या कागदावर मनुष्याचे स्वातंत्र्य अवलंबून राहावयाचे, त्यावर केवळ त्या जुन्या ठशावर भागविले जाणे आम्हांस मान्य नाही. अशा प्रमाणपत्रावर सही करण्याचा वा ते वाचण्याचा प्रसंग ज्या पालकांवर येईल, त्यांनी त्यात एसएचए-२५६ चा ठसा आहे की नाही, हे प्रथम पाहावे.