ओवी कुठल्या ग्रंथातली?

गेल्या ईदला सायखेड्याला घरी होतो. भाचा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "मुसलमानांचा मराठीशी काय संबंध?" भाच्यानं उत्तर म्हणून शेख महंमदांच्या नावाची एक ओवी फॉरवर्ड केली. समोरून प्रश्न आला, "कुठल्या ग्रंथातली?" भाचा माझ्याकडे आला, "मामू, सांगा ना." मला सांगता येईना. वाईट याचं वाटलं, की तीच ओवी मी एका कार्यक्रमात छाती फुगवून म्हटली होती.

मग दोघं लॅपटॉप घेऊन बसलो. शोधणं हा माझा रोजचा धंदा, तरी पहिला अर्धा तास वाया गेला. कारण साधं होतं. महंमद, महमद, महम्मद, मोहम्मद. शेख आणि शेक. रोमन लिपीत आणखी चार रूपं. संगणक अक्षरं जुळवतो, माणूस ओळखत नाही. शिवाय कित्येक मराठी प्रबंध स्कॅन केलेले किंवा जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधले असतात. त्यांच्या आतला शब्द शोधयंत्राला दिसतच नाही. म्हणून 'काही सापडलं नाही' याचा अर्थ 'काही नाहीच' असा कधी घेऊ नका.

आम्हाला वाट सापडली ती विद्यापीठांच्या ग्रंथालयांमधून. 'शोधगंगा'वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध घरबसल्या, फुकट वाचता येतात. प्रबंध पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. आधी शेवटची संदर्भसूची उघडा. तिथूनच पुस्तकांची नावं हाती लागतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम', वा. सी. बेंद्रे यांनी संपादित केलेला त्यांचा कवितासंग्रह, रा. चिं. ढेरे यांचं 'मुसलमान मराठी संतकवी'. ती नावं घेऊन ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत जा. ड्यूई पद्धतीनं लावलेल्या ग्रंथालयात मराठी साहित्य ८९१.४६ या क्रमांकाखाली असतं, त्यात कविता ८९१.४६१. त्या कपाटासमोर एकदा उभे राहा. शोधायला गेलेल्या पुस्तकाच्या शेजारचं पुस्तक पुष्कळदा जास्त कामाचं निघतं. १९३७ पर्यंतची छापील पुस्तकं हवी असतील तर शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' मागा. पुस्तक तुमच्या कॉलेजात नसेल, तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येईल का, हे ग्रंथपालांना विचारा. विचारायला लाजू नका, ते त्यांचं कामच आहे.

पुढे ती पुस्तकं मिळवून पाहिली. आमची ओवी त्यांत सापडली नाही. भाच्यानं ग्रुपवर तसं लिहिलं: "आधार मिळाला नाही, मागे घेतो." आणि खाली 'योगसंग्रामा'तली दुसरी ओवी दिली, प्रसंग आणि ओवी क्रमांकासह. त्यावर मात्र कुणी प्रश्न केला नाही.

मला यातून एक गोष्ट आपल्या सगळ्यांसमोर ठेवायची आहे. आपल्यावर खोटा इतिहास लादला जातो, ही आपली तक्रार खरी आहे. पण आपण स्वतः बिनआधाराचे फॉरवर्ड पाठवत राहिलो, तर त्या तक्रारीत दम राहत नाही. मराठीशी आपला संबंध सिद्ध करायला बनावट ओवीची गरज नाही. शेख महंमद आहेत, शहामुनींचा 'सिद्धांतबोध' आहे, शाहीर अमर शेख आहेत, हमीद दलवाईंची 'इंधन' आहे. हे सगळं कपाटात आहे. आपण तिथे जात नाही, इतकंच.

आणि काही गोष्टी कपाटातही नाहीत. आमच्या गावात गोदावरीचं पाणी घरात शिरतं तेव्हा आधी धान्य वर चढवतात, कागद राहून जातात. नानीच्या लग्नगीतांची वही, जुन्या अंजुमनचे अहवाल, उरुसाची पत्रकं एकदा भिजली की गेली. त्यांचे फोटो काढा, कुणाचं आणि कुठल्या सालचं ते लिहून ठेवा, आणि एक प्रत जवळच्या ग्रंथालयाला घ्याल का म्हणून विचारा. उद्याचा प्रबंध लिहिणारा ती शोधत येईल.

तोवर एवढं तरी करू: ज्या ओवीचा ग्रंथ आणि पान ठाऊक नाही, ती पुढे पाठवायची नाही.