गोळी पोटात, अंडी अंगणात

रिसोड तालुक्यातल्या आमच्या घरी पोराने झोपेत दात खाल्ले की आजी निदान करून मोकळी होई, ‘जंत झाले त्याले.’ मग गुळात कालवलेली पळसपापडी. दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध आजचे डॉक्टर मानत नाहीत. पण जंत मात्र खरोखरच पडत, वीतभर लांबीचे.

आता आजीचे काम सरकारने अंगावर घेतले आहे. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अंगणवाड्यांतून, शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी मिळते; दोन वर्षांखालच्यांना अर्धी. गोळी मोफत आणि गुणकारी. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या हिशेबाबद्दल.

जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचावाटे ओल्या, सावलीच्या मातीत पडली की दोन-तीन आठवड्यांत पिकतात आणि पुढे वर्षानुवर्षे तग धरू शकतात. अंगणात खेळणारे पोर मातीची बोटे तोंडात घालते, न धुतलेली कोथिंबीर ताटात येते. पोटातल्या जंताला मारणारी गोळी या अंड्यांचे काहीच करू शकत नाही. म्हणून काही महिन्यांत पुन्हा तेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात साठ टक्क्यांच्या आसपास लोकांना जंत होते. तिथे शाळाशाळांतून मुलांच्या शौचाची तपासणी झाली, अंडी सापडतील त्यांना औषध दिले गेले, शेतात कच्चा मैला टाकणे हळूहळू थांबले. दोन-तीन दशकांत जंत जवळजवळ दिसेनासा झाला. आपल्याकडे गावपातळीवर मोजल्या जातात त्या वाटलेल्या गोळ्या.

आणि बांधलेले संडास. 2018 साली वाशीम देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. त्याच वर्षी ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. लोकांना संडास नको होते असे मुळीच नाही. 2015 मध्ये याच जिल्ह्यातल्या एका बाईंनी मंगळसूत्र विकून तो बांधला होता. पण एप्रिल-मेमध्ये घागरभर पाण्यासाठी पायपीट करणारी बाई संडासात बादली कुठून ओतणार? पाण्याचा हा प्रश्न जंतांच्या फायलीत येतच नाही. ते खाते वेगळे!

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तर शेजारच्या संडासात गोवऱ्या रचलेल्या होत्या. घरची माणसे गोदरीची वाट धरत होती. त्या घरच्या नातवाने फेब्रुवारीत गोळी खाल्ली होती. अंगणवाडीच्या यादीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण आहे.