पार्ट टाइमवाल्यांच्या वतीने सही कोण करतं?

कॉलेज सांभाळून रोज चार तास काम करायचं. हातखर्च सुटतो, अनुभव मिळतो, बायोडेटात एक ओळ वाढते. पार्ट टाइम जॉबबद्दल आपल्याकडे घरोघरी हेच बोललं जातं, आणि त्यात खोटं काही नाही. पण तेच पार्सल उचलणाऱ्या चार तासवाल्याला तासाचे पैसे आठ तासवाल्यापेक्षा कमी का, हे सहसा कुणी विचारत नाही. अमेरिकेत यूपीएस या कुरियर कंपनीत हा प्रश्न गेली चाळीस वर्षं धुमसतोय. तिथली भांडणं आपण वाचायला हवीत, कारण त्यांत कंपनीइतकीच युनियनही उघडी पडते. आणि दोघांच्या मध्ये सापडतात ते आपल्या वयाचे.

आधी काम कसं चालतं ते बघू. भल्या पहाटे गोदामात पार्सलं येऊन पडतात. तीन-चार तासांत ती निवडायची, पत्त्यांप्रमाणे लावायची आणि त्या प्रसिद्ध तपकिरी गाड्यांमध्ये रचायची. मग ड्रायव्हर गाडी घेऊन निघतो आणि दिवसभर दारोदार वाटत फिरतो. आतलं काम बहुतेक पार्ट टाइमवाल्यांचं, बाहेरचं फुल टाइम ड्रायव्हरचं. पार्ट टाइमवाल्याला करारानुसार दिवसाला साडेतीन तासांची हमी असते. कंपनी म्हणते, माल झपाट्याने येतो आणि झपाट्याने जातो, मग माणसाला आठ तास बसवून काय करू? यात तथ्य आहे, मान्य. पण काम तुटक आहे म्हणून तासाचा दर कमी, हे कुठल्या गणितात बसतं?

ते गणित करारात बसवलं गेलं १९८२ मध्ये. यूपीएसमधल्या कामगारांची युनियन टीमस्टर्स. १९०३ मध्ये स्थापन झालेली. टीमस्टर म्हणजे जनावरांची जोडी हाकणारा गाडीवान. युनियनच्या चिन्हात अजूनही दोन घोडे आहेत. या युनियनने १९८२ च्या करारात नव्याने लागणाऱ्या पार्ट टाइमवाल्यांचा सुरुवातीचा दर ताशी ८ डॉलरवर आणायला मान्यता दिली. जे आधीपासून कामावर होते त्यांना फारशी झळ नव्हती. झळ बसणार होती ती अजून कामावरच न लागलेल्यांना, आणि त्यांना मत नव्हतं. पुढची पंधरा वर्षं तो दर ८ डॉलरच राहिला. १९९७ मध्ये फुल टाइम ड्रायव्हर ताशी २० डॉलरच्या आसपास कमावत होता आणि कंपनीतल्या निम्म्याहून जास्त टीमस्टर्स पार्ट टाइम होते.

४ ऑगस्ट १९९७ ला १ लाख ८५ हजार कामगार संपावर गेले. युनियनचे अध्यक्ष तेव्हा रॉन कॅरी, स्वतः यूपीएसचे जुने ड्रायव्हर. मुख्य मागणी होती अर्धवट कामं जोडून पूर्ण नोकऱ्या करण्याची. म्हणजे पहाटेचे चार तास आणि दुपारचे चार तास मिळून एकाच माणसाची एक नोकरी. पार्सलं अडली, दुकानदार वैतागले, तरी लोकांचं मत कामगारांच्या बाजूने राहिलं. पंधरा दिवसांनी कंपनी नमली. पाच वर्षांत १० हजार नव्या फुल टाइम नोकऱ्या, तेही पार्ट टाइम कामं एकत्र करून, असं ठरलं. पुढे कंपनीने टाळाटाळ केली आणि प्रकरण लवादापर्यंत गेलं. पार्ट टाइमवाल्यांच्या सुरुवातीच्या दरात किती वाढ झाली? ५० सेंट. संप त्यांच्या नावाने झाला, फायदा झाला ज्यांना फुल टाइम मिळालं त्यांचा.

मग आलं २०१८, आणि खरा घोळ इथे झाला. रविवारीही पार्सल पोचवायचं होतं आणि तेही स्वस्तात. म्हणून करारात ड्रायव्हरचा एक नवा वर्ग आला. कलमाच्या क्रमांकावरून त्याला सगळे '२२.४' म्हणायला लागले. थोडं गोदामात काम, थोडी डिलिव्हरी, आठवड्यात शनिवार-रविवार धरलेले, आणि दर जुन्या ड्रायव्हरपेक्षा कमी. कागदावर हा मधला मार्ग छान वाटतो, पार्ट टाइमवाल्याला गाडीपर्यंत पोचायची पायरी वगैरे. प्रत्यक्षात आपण जुन्या ड्रायव्हरसारखीच दिवसभर डिलिव्हरी करतो आणि घरी कमी पैसे नेतो, अशी या लोकांची तक्रार होती. म्हणजे पूर्वी भिंत गोदाम आणि गाडी यांच्यामध्ये होती, आता ती दोन गाड्यांच्या मध्ये आली.

सभासदांनी करार ५४ टक्क्यांनी नाकारला. तरी तो लागू झाला! मतदान निम्म्याहून कमी झालं असेल तर करार फेटाळायला दोन तृतीयांश मतं लागतात, असा युनियनच्या घटनेतला नियम होता. अध्यक्ष जेम्स पी. हॉफा यांच्या नेतृत्वाने त्याचा आधार घेतला. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगला कोरम नाही म्हणून चारजण ठराव उरकतात, तसलाच प्रकार, फक्त इथे लाखो लोकांचा पगार होता. या रागाचा परिणाम मात्र झाला. २०२१ च्या अधिवेशनात तो नियम काढून टाकला गेला आणि त्याच वर्षी हॉफांच्या उमेदवाराला हरवून शॉन ओब्रायन अध्यक्षपदी निवडून आले.

२०२३ मध्ये करार संपत आला तेव्हा संपाच्या बाजूने ९७ टक्के मतं पडली. संप झाला नाही. आदल्या आठवड्यात तडजोड झाली. २२.४ वर्ग रद्द झाला, त्यातले सगळे नेहमीचे ड्रायव्हर झाले. पार्ट टाइमचा दर किमान २१ डॉलर झाला, आणि ७,५०० नव्या फुल टाइम नोकऱ्यांचं आश्वासन मिळालं. ८६.३ टक्के सभासदांनी हो म्हटलं. पण फुल टाइम ड्रायव्हर या कराराच्या शेवटी सरासरी ४९ डॉलरवर जाणार, आणि नवा पार्ट टाइमवाला २३ वर. काही पार्ट टाइमवाले २५ डॉलरची मागणी धरून बसले होते, ते नाराजच राहिले. मला त्यांची नाराजी रास्त वाटते.

युनियनने ओढून धरलं की कंपनी माणसंच कमी करते, असं यावर हमखास म्हटलं जातं. एप्रिल २०२५ मध्ये यूपीएसने २० हजार नोकऱ्या कमी करण्याचं आणि ७३ इमारती बंद करण्याचं जाहीर केलं. पण कंपनीने दिलेलं मोठं कारण अॅमेझॉनचा माल निम्म्याहून कमी करण्याचं होतं. आणि अॅमेझॉन आपली पार्सलं कशी पोचवतं? बऱ्याच अंशी ठेकेदारांच्या ड्रायव्हरांकडून, नाहीतर 'फ्लेक्स'मधून, स्वतःची गाडी घेऊन तासांचे स्लॉट पकडणाऱ्यांकडून. तिथे पार्ट टाइम-फुल टाइम वादच नाही, कारण फ्लेक्सवाला मुळात कर्मचारीच नाही. तेव्हा यूपीएसवाल्यांनी कमी मागितलं असतं तर नोकऱ्या टिकल्या असत्या, हे मला पटत नाही.

हे फ्लेक्स २०१९ पासून भारतातही आहे. इथून गोष्ट आपल्या दारात येते. नीती आयोगाच्या अंदाजाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांची व्याख्याच पारंपरिक मालक-कामगार नात्याबाहेर काम करणारे अशी आहे. त्यांच्यासाठी निधीची तरतूद आहे, ती चांगलीच. पण तास कोणाला किती आणि दर काय, हे अॅप ठरवणार. भांडायला २२.४ सारखं कलमही नाही.

तुटक कामाचं काय करायचं, याचं एक उत्तर महाराष्ट्राने फार आधी दिलं होतं. १९६९ चा माथाडी कायदा. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात. मालक अनेक, तास तुटक. म्हणून नोंदणी मंडळाकडे. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने त्यातून पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी द्यायची. बोगस माथाडींच्या नावाने होणारी वसुली हा या व्यवस्थेचा डाग आहे आणि तो झाकायचं कारण नाही. तरी चार ठिकाणच्या तुकड्यांची बेरीज करून माणसाला पूर्ण कामगार मानायचं, ही कल्पना डिलिव्हरीवाल्यांसाठी वापरायला काय हरकत आहे? तीन अॅपवर मिळून दहा तास गाडी चालवणारा मुलगा एकाच्याही हिशेबात फुल टाइम नसतो.

यूपीएसचा सध्याचा करार ३१ जुलै २०२८ ला संपतो. पुढच्या करारातला सुरुवातीचा दर ज्यांना लागू होणार आहे, त्यातले बरेच जण आज बारावीत असतील, आणि त्या करारावर मतदान होईल तेव्हाही ते सभासद नसतील.