कसाऱ्याचा खोळंबा

दिवाळीला मुंबईहून नाशकास येणाऱ्या पाहुण्यांची एक तक्रार ठरलेली असते : "गाडी कसाऱ्याला उगाच थांबली!" उगाच नव्हे हो! तिथे गाडीच्या पाठीला 'बँकर' इंजिने लागतात. १८६५ साली सुरू झालेल्या या थळ घाटात दर ३७ फुटांस १ फूट चढण आहे. आणि न्यूटनसाहेबांचा १६८७ सालचा नियम घाटालाही चुकत नाही. बल वाढले की त्वरण वाढते. वस्तुमान वाढले की तेच घटते.

आम्हां मराठीच्या मास्तरांना यातला 'जड' शब्द फार आवडतो. जड म्हणजे वजनदार, आणि जड म्हणजे आपणहून न हलणारे. घाटात दोन्ही अर्थ एकदमच आडवे येतात.

समजा, इंजिनासकट गाडी १,००० टनांची आणि इंजिनाची ओढ ३० टन वजनाइतकी. घर्षण सोडून दिले, तर सपाटीवर मिनिटाभरात वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जाईल. चढणीवर मात्र गाडीचे वजनच तिला २७ टनांच्या जोराने मागे खेचते. शिल्लक ३ टन! मिनिटाभरात वेग ताशी अवघा ६ किलोमीटर. घर्षण आणि वळणे त्यातूनही आपला वाटा घेणारच. पगार किती, यापेक्षा खर्च वजा जाता उरते किती, यावर संसार पुढे सरकतो, गाडीचेही तसेच.

मग सारी इंजिने पुढेच का जोडीत नाहीत? कारण सगळी ओढ पहिल्या डब्याच्या जोडावर येईल. मागून रेटल्याने भार वाटला जातो. आणि मधला जोड तुटलाच, तर मागचे डबे उताराने धावत सुटू नयेत म्हणून पाठीशी इंजिन असते.

उतरताना तेच २७ टन गाडीला पुढे ढकलतात. ब्रेकांचा जोर त्याहून अधिक हवा. ते निकामी झाले तर? त्यासाठी घाटात 'कॅच साइडिंग' ठेवलेले असते. बेफाम गाडी चढाच्या रुळावर वळवायची. जी चढण वैरीण, तीच तारणहार!

२०२३ साली सुरू झालेली शिर्डीची वंदे भारत बँकरांवाचून घाट चढते, कारण तिच्या अनेक डब्यांखालीच मोटारी आहेत. ज्या गाड्यांना ते भाग्य नाही, त्यांतल्या मंडळींनी कसाऱ्याला खुशाल चकल्यांचा डबा उघडावा. मागून हलकासा धक्का बसला, की समजावे : आपल्या खात्यावर शिल्लक जमा झाली!